गॉल्टला शेपटी फुटली तेव्हा

५ जानेवारी २०१९ रोजी हवाईतल्या ॲटलास दुर्बिणीच्या छायाचित्रात एक ओळखीचा लघुग्रह अनोळखी रूपात सापडला. पृथ्वीच्या वाटेवर येऊ शकणारे दगड वेळेत हेरायचे, यासाठी ही दुर्बीण रात्रीमागून रात्री आकाश चाळत असते. त्या चाळणीत मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या मुख्य पट्ट्यातले हजारो लघुग्रहही येतात, ठिपक्यासारखे उमटतात आणि नोंद होऊन मागे पडतात. ६४७८ क्रमांकाचा गॉल्ट त्यांतलाच एक. पण या वेळी ठिपक्याला चिकटून एक सरळ, बारीक, फिकट रेघ होती. मोजल्यावर ती सुमारे चार लाख किलोमीटर भरली. पृथ्वीपासून चंद्र जेवढा लांब, जवळपास तेवढी.

शेपटी हे धूमकेतूचे लक्षण. धूमकेतूत बर्फ असतो, सूर्याजवळ आल्यावर त्याची वाफ होते आणि ती वाफ आपल्याबरोबर धूळ उडवून नेते. लघुग्रह म्हणजे कोरडा दगड, त्याने गप्प फिरत राहावे, अशी आपली शाळेपासूनची समजूत. ती समजूत आता पूर्वीइतकी घट्ट राहिलेली नाही. १९९६ मध्ये एल्स्ट-पिझारो या मुख्य पट्ट्यातल्या वस्तूला शेपटी दिसली, आणि तेव्हापासून अशा 'सक्रिय लघुग्रहां'ची यादी हळूहळू वाढत गेली. त्या यादीतले सगळे एकाच कारणाने सक्रिय होत नाहीत. कुणात खरोखरच बर्फ दडलेला असतो, कुणाला दुसरा दगड येऊन आदळलेला असतो, कुणी स्वतःच्याच गिरकीने उसवत असतो. प्रत्येक प्रकरण वेगळे तपासावे लागते. गॉल्टचे प्रकरण मला त्यांत सर्वांत शिकवणारे वाटते. त्याची तपासणी जवळजवळ संपूर्णपणे धुळीच्या आकारावरून झाली, आणि सुरुवातीला 'अचानक' वाटलेली गोष्ट पुढे तशी उरली नाही.

आधी या लघुग्रहाची ओळख. कॅरोलिन आणि यूजीन शूमेकर या दांपत्याने तो १२ मे १९८८ रोजी पॅलोमार वेधशाळेतून शोधला. सूर्याभोवतीची त्याची एक फेरी साडेतीन वर्षांची. सूर्य-पृथ्वी अंतराला एक खगोलीय एकक म्हटले, तर तो सूर्यापासून १.८६ एककांपर्यंत जवळ येतो आणि २.७५ एककांपर्यंत दूर जातो. म्हणजे मुख्य पट्ट्याच्या आतल्या, उबदार बाजूचा रहिवासी. तिथल्या फोकिया कुटुंबात, म्हणजे सारख्या कक्षांच्या लघुग्रहांच्या गटात, त्याची गणना होते. हे कुटुंब प्रामुख्याने सिलिकेटी खडकांचे, बर्फाशी फारसे नाते नसलेले. नाव ठेवले डोनाल्ड गॉल्ट यांचे. प्रचंड वेगाच्या गोळ्या झाडून विवरे कशी पडतात याचे प्रयोग करण्यात त्यांनी नासाच्या एम्स केंद्रात आयुष्य वेचले. त्यामुळे या लघुग्रहाला शेपटी दिसल्यावर पहिली शंका आघाताची यावी, हे तर फारच साहजिक होते.

शेपटी कसे सांगते

बातमी पसरताच दुर्बिणी वळल्या. जानेवारीच्या मध्यात हवाईतली कॅनडा-फ्रान्स-हवाई दुर्बीण आणि स्पेनमधली आयझॅक न्यूटन दुर्बीण यांना पहिल्या रेघेशेजारी दुसरी, आखूड रेघ दिसली. ५ फेब्रुवारीला हबल दुर्बिणीने छायाचित्र घेतले. त्यात दोन्ही शेपट्या अगदी स्वच्छ उमटल्या. लांब शेपटी आता ८ लाख किलोमीटरहून मोठी होती आणि रुंदी मात्र जेमतेम ४,८०० किलोमीटर. लांबी-रुंदीचे हे प्रमाण कागदावर काढायचे, तर एक मीटरची रेघ ओढून तिची जाडी सहा मिलिमीटर ठेवावी लागेल. दुसरी शेपटी लांबीला पहिलीच्या सुमारे चौथाई.

इथे थोडे थांबायला हवे, कारण सगळी मेख या बारीकपणात आहे.

समजा लघुग्रहावरून एका क्षणी मूठभर धूळ सुटली. सुटताना तिला म्हणावा असा वेग नाही. नुसती मोकळी झाली. आता तिच्यावर दोन गोष्टी काम करतात. सूर्याचे गुरुत्व तिला लघुग्रहाच्याच कक्षेत फिरवत ठेवते. आणि सूर्यप्रकाश, ज्याचा दाब आपल्याला कधी जाणवत नाही, तिला हळूहळू बाहेर ढकलतो. कण जितका लहान तितके त्याच्या वजनाच्या मानाने पृष्ठफळ जास्त, म्हणून तो जास्त ढकलला जातो. काही आठवड्यांनी पाहावे तर सगळे कण आकारमानाप्रमाणे आपोआप रांगेत लागलेले असतात. मिलिमीटरभराचे दाणे लघुग्रहाजवळ, पिठासारखे बारीक कण दूरच्या टोकाला. एकाच क्षणी सुटलेल्या सगळ्या धुळीची अशी एकच रेघ बनते, आणि ती रेघ आकाशात कोणत्या दिशेला कलेल हे धूळ सुटल्याच्या तारखेवर अवलंबून असते. तारीख बदलली की कल बदलतो.

म्हणजे शेपटी हे घड्याळ आहे. तिचा कल मोजला की धूळ केव्हा सुटली ते कळते. रेघ रुंद पंख्यासारखी पसरली असेल तर धूळ कित्येक आठवडे सुटत होती, आणि सुरीच्या पात्यासारखी असेल तर सगळा मामला थोडक्यात आटोपला. धूमकेतूंच्या शेपट्या बहुधा पंख्यासारख्या असतात. गॉल्टच्या सुरीसारख्या होत्या.

हिशेब करणाऱ्यांना दोन तारखा मिळाल्या. लांब शेपटीची २८ ऑक्टोबर २०१८ च्या आसपासची, आखूड शेपटीची ३० डिसेंबरच्या आसपासची. दोन्ही वेळी धूळ काही तासांत किंवा फार तर काही दिवसांत बाहेर पडली होती. पुढच्या महिनाभरात शेपटीचा आकार बदलत गेला तो या गणिताने आधी सांगितला होता तसाच. मला हा या प्रकरणातला सर्वांत देखणा भाग वाटतो. कोट्यवधी किलोमीटर दूरच्या खडकावर कुणाच्याही नकळत घडलेली गोष्ट, आणि तिची तारीख एका रेघेच्या कलावरून चार-पाच दिवसांच्या फरकाने सांगता येते. नंतर तिसरी, आणखी क्षीण शेपटीही सापडली. तिचा उगम १० फेब्रुवारी २०१९ च्या सुमाराचा निघाला. साडेतीन महिन्यांत तीन उसासे.

रुंदीही बोलते. पहिली धूळ सुटल्यापासून हबलच्या छायाचित्रापर्यंत शंभर दिवस गेले होते. शंभर दिवसांत शेपटी ४,८०० किलोमीटर रुंद झाली, म्हणजे मधल्या रेषेपासून दोन्ही बाजूंना २,४०० किलोमीटर. भागाकार करून पाहा. सेकंदाला जेमतेम पाव मीटर. रांगणारे मूल याहून फार हळू जात नाही. स्फोट, धडक, फवारा, असले काही घडले असते तर कण इतक्या संथपणे पांगले नसते.

संशयितांची झाडाझडती

बर्फाचा मुद्दा तुलनेने लवकर निकालात निघाला. वर्णपटात, म्हणजे प्रकाश रंगारंगांत फोडून पाहिल्यावर, वायूची खूण मिळाली नाही. कुटुंब सिलिकेटी खडकांचे. आणि बर्फ असलेल्या लघुग्रहांची एक सवय असते. एल्स्ट-पिझारो सूर्याजवळून जाताना पुन्हा पुन्हा शेपटी काढतो आणि दूर गेला की मिटून घेतो. २०२३ मध्ये जेम्स वेब दुर्बिणीने रीड नावाच्या अशाच एका मुख्य पट्ट्यातल्या धूमकेतूभोवती पाण्याची वाफ प्रत्यक्ष टिपली, त्यामुळे बर्फाचा मार्ग खरा आहे यात शंका उरलेली नाही. गॉल्टची वागणूक मात्र तशी नाही. त्याच्या धुळीचा सूर्याच्या जवळ-दूर असण्याशी संबंध दिसत नाही. याचा भक्कम पुरावा पुढे येतो आहे.

आघाताचे काय? मुख्य पट्ट्यात आघात होतात. डिसेंबर २०१० मध्ये शैला या ११३ किलोमीटर व्यासाच्या लघुग्रहाभोवती धुळीचे ढग दिसले. सुमारे ३५ मीटरचा दगड आदळल्याने ते उठले असावेत असा हिशेब निघाला, आणि काही आठवड्यांत ते विरून गेले. एकदा झाले, संपले. पुढे २६ सप्टेंबर २०२२ रोजी डार्ट यान डायमॉर्फस या छोट्या लघुग्रहावर मुद्दाम आदळवले गेले, तेव्हा आघाताने फुटलेली शेपटी कशी दिसते हे तर प्रयोगानेच कळले. गॉल्टच्या बाबतीत अडचण साधी आहे. साडेतीन महिन्यांत तीन वेळा, एवढ्या मोकळ्या पट्ट्यात, एकाच खडकावर कोण येऊन आदळणार? आणि तेही इतक्या हळुवारपणे की धूळ रांगत बाहेर पडावी?

राहिला तिसरा संशयित, लघुग्रह स्वतः.

अडीच तासांचा दिवस

यासाठी गॉल्ट किती वेगाने स्वतःभोवती फिरतो हे कळणे गरजेचे होते. लघुग्रह ओबडधोबड असतो, म्हणून फिरताना त्याचा उजेड कमी-जास्त होतो. त्या चढउतारांवरून परिवलनाचा काळ काढतात. गॉल्टने इथे सगळ्यांना दमवले. एक तर तो बराच गोलसर, त्यामुळे चढउतार अगदी किरकोळ. त्यात भोवती धुळीचा पडदा. दिव्यावर धुके असताना वात हलते की नाही हे ओळखण्यासारखे काम. तरीही कॅनरी बेटांवरच्या दुर्बिणी आणि लडाखमध्ये हानले इथली हिमालयन चंद्रा दुर्बीण यांच्या निरीक्षणांतून सुमारे दोन तासांच्या गिरकीची चाहूल लागली. पक्का आकडा मिळायला २०२० साल उजाडावे लागले. धूळ विरल्यावर, शांत गॉल्टचा उजेड मोजून, २.४९२९ तास हा काळ निघाला. त्याच अभ्यासात व्यास सुमारे २.८ किलोमीटर ठरला. आधी तो चारच्या घरात धरला जात होता.

अडीच तास म्हणजे काय, हे आकडेमोड केल्याशिवाय अंगावर येत नाही. गॉल्ट गोल आहे आणि त्याची घनता पाण्याच्या दुप्पट आहे असे धरू. अशा गोळ्याच्या ध्रुवावर ६० किलोचा माणूस उभा केला, तर काटा पाच ग्रॅमच्या जवळपास दाखवील. तोच माणूस चालत विषुववृत्तावर आला, तर अर्ध्या ग्रॅमच्या जरा वर. मधले सगळे वजन गिरकीने खाऊन टाकलेले. विषुववृत्तावरची जमीन सेकंदाला सुमारे एक मीटर या वेगाने फिरते, माणसाच्या सावकाश चालीएवढ्या. आणि त्याच पृष्ठभागाला लगटून एखादा खडा उपग्रहासारखा फिरत राहायचा, तर त्याला वेग लागतो सेकंदाला १.०५ मीटर. फरक फक्त काही सेंटिमीटरचा. विषुववृत्तावरचा प्रत्येक दगड जवळजवळ कक्षेतच आहे. तो खाली टेकलेला आहे इतकेच.

शेदोनशे मीटरहून मोठे लघुग्रह साधारण २.२ तासांपेक्षा वेगाने फिरताना सहसा आढळत नाहीत. असे लघुग्रह बहुतांशी अखंड खडक नसून दगडगोट्यांचे ढीग असतात, स्वतःच्याच क्षीण गुरुत्वाने धरून ठेवलेले. गिरकी वाढली की ढीग सुटायला लागतो. गॉल्ट या उंबरठ्यावर उभा आहे. त्याची घनता पाण्याच्या १.८५ पटीहून कमी असती, तर एवढ्या वेगात तो टिकलाच नसता असा निष्कर्ष अभ्यासकांनी काढला आहे.

मग एवढी गिरकी दिली कुणी? सूर्यप्रकाशाने. खडक उन्हाने तापतो आणि ती उष्णता पुन्हा अवकाशात सोडतो. सोडताना प्रत्येक बाजूने किंचित उलटा धक्का बसतो. आकार एकसारखा असता तर हे धक्के एकमेकांना खोडून काढते, पण वेड्यावाकड्या आकारात थोडी बाकी उरते आणि ती परिवलनाला पीळ देत राहते. यार्कोव्स्की, ओ'कीफ, राड्झिएव्स्की आणि पॅडॅक या चौघांच्या आद्याक्षरांवरून याला 'यॉर्प' परिणाम म्हणतात. ही केवळ कल्पना नाही. २००७ मध्ये शंभरेक मीटरच्या एका लघुग्रहाचा दिवस वर्षाला सुमारे एक मिलिसेकंदाने आखूड होत असल्याचे मोजले गेले, आणि त्या लघुग्रहाचे नावच यॉर्प ठेवले गेले. गॉल्ट त्याच्यापेक्षा पुष्कळ मोठा असल्याने त्याचे काम फारच मंद. गिरकी या टप्प्याला यायला दहा कोटी वर्षे लागली असावीत असा अंदाज आहे. दहा कोटी वर्षे ऊन खाऊन खाऊन तो काठावर आला, आणि मग कुठेतरी उतारावरचे दगड घसरले.

एकूण सुटलेली धूळ किती? कण केवढे धरायचे यावर उत्तर हलते, पण अनेक गटांचे हिशेब एक ते चार कोटी किलोच्या दरम्यान येतात. ऐकायला प्रचंड. गॉल्टच्या एकूण वस्तुमानाशी ताडून पाहिले तर फार तर दहा लाख भागांतले एक-दोन भाग. म्हणजे लघुग्रह फुटला वगैरे काही नाही. दरड कोसळली, एवढेच.

मार्च-एप्रिल २०१९ मध्ये हवाईतून घेतलेल्या वर्णपटांत एका रात्री पृष्ठभाग लालसर आणि दुसऱ्या रात्री निळसर दिसला. अवकाशात उघडा पडलेला सिलिकेटी खडक काळाच्या ओघात लालसर होत जातो आणि ताजा खडक तुलनेने निळसर असतो. तेव्हा वरचा जुना थर उडून खालचा ताजा पृष्ठभाग उघडा पडला, असा अर्थ लावला गेला. दरडीच्या कहाणीशी हे छान जुळते. फक्त दोन रात्रींच्या फरकावर मी सगळा भार टाकणार नाही.

जुन्या चित्रांतली धूळ

आता 'अचानक' या शब्दाकडे येऊ. ५ जानेवारीला शेपटी दिसल्यावर ॲटलास आणि हवाईतलीच दुसरी दुर्बीण पॅन-स्टार्स यांची मागची छायाचित्रे उघडली, तेव्हा डिसेंबर २०१८ मध्येच ती तिथे होती. कुणाच्या नजरेत भरली नव्हती इतकेच. त्याआधीच्या, २०१० ते जानेवारी २०१८ पर्यंतच्या पॅन-स्टार्सच्या चित्रांत मात्र काही आढळले नाही. निदान पहिल्या तपासणीत तसे वाटले.

मग दुसऱ्या एका गटाने चिलीतल्या सेरो टोलोलोच्या चार मीटर दुर्बिणीवरच्या डार्क एनर्जी कॅमेऱ्याची जुनी चित्रे काढली. तो कॅमेरा गॉल्टसाठी नव्हता. दूरच्या आकाशगंगांची चित्रे घेताना वाटेत गॉल्ट येऊन गेला होता. त्या चित्रांत त्यांना २०१३ पासून अनेक वेळा धूळ दिसली. शिवाय त्यांतली काही सूर्यापासून २.६८ एककांवर, म्हणजे कक्षेच्या जवळजवळ सर्वांत थंड टोकाला. बर्फाच्या बाजूने जे थोडेफार बोलता आले असते ते इथे संपले. अशा सिलिकेटी जातीचा, एकाहून अधिक वेळा उसवलेला दुसरा लघुग्रह मुख्य पट्ट्यात तोवर माहीत नव्हता.

एका दुर्बिणीला काही दिसत नाही आणि दुसरीला दिसते, यात मला विसंगती वाटत नाही. चार मीटरचा आरसा दीड-दोन मीटरच्या आरशापेक्षा पुष्कळ फिकट धूळ पकडतो, आणि धुळीची फिकट झालर चित्रात शोधायला आधी ती तिथे असेल अशी शंका यावी लागते. गॉल्टवर कुणाला शंका नव्हती. याच कामातून पुढे सामान्य लोकांना जुन्या चित्रांत शेपट्या शोधायला बोलावणारा 'ॲक्टिव्ह ॲस्टरॉइड्स' हा उपक्रम २०२१ मध्ये सुरू झाला. डोळे जितके जास्त तितके बरे.

योगायोग असा की गॉल्टची शेपटी दिसली त्याच्या दुसऱ्याच दिवशी, ६ जानेवारी २०१९ ला, ओसायरिस-रेक्स यानाने बेन्नू या अर्ध्या किलोमीटरच्या लघुग्रहावरून खडे उडताना पाहिले. यान अगदी जवळ होते म्हणूनच ते दिसले. पृथ्वीवरून बेन्नू कायम निवांत भासला होता. बेन्नूचा दिवस चार तासांहून मोठा आहे, त्यामुळे तिथले कारण वेगळे असणार. उन्हाने तडकणारे खडक किंवा बारीक उल्कांचा मारा, असे मानले जाते.

गॉल्टचे सगळेच कोडे सुटले आहे असे नाही. २८ ऑक्टोबरलाच का? दहा कोटी वर्षे हळूहळू भरत आलेला घडा त्या दिवशीच का सांडला? एका गटाने सुचवले की एकमेकांना जवळजवळ टेकलेल्या दोन तुकड्यांचे एकत्र येणेही धूळ उडवू शकेल. छोटासा आघात काठावरच्या ढिगाला शेवटचा धक्का देऊ शकतो, हेही नाकारता येत नाही. मला स्वतःला दरडींची मालिका जास्त पटते. एक दरड घसरली की वस्तुमानाची मांडणी बदलते, मग दुसऱ्या उताराचा तोल जातो, आणि दोन महिन्यांनी तिथली दरड येते. ऑक्टोबर, डिसेंबर, फेब्रुवारी ही क्रमाने घटत गेलेली धूळ तशीच वाटते. पण हे प्रत्यक्ष पाहायचे तर यानच पाठवावे लागेल.

२०२० मध्ये गॉल्ट पुन्हा निरीक्षणाच्या टप्प्यात आला तेव्हा शेपटी नव्हती. ठिपका पुन्हा ठिपका झाला होता, आणि म्हणूनच त्याची गिरकी नीट मोजता आली. त्याच वेळी अभ्यासकांनी आणखी मागे जायचे ठरवले. लघुग्रह १९८८ मध्ये सापडला असला, तरी त्याआधीच्या आकाशचित्रणाच्या काचेच्या प्लेटांवर तो नकळत उमटलेला असणारच. शोधल्यावर तो सापडलाही, १९५७ आणि १९५८ च्या प्लेटांवर, साठेक वर्षे कुणी न ओळखता पडून असलेला. १९५८ च्या प्लेटेचे अंकीकरण झालेले होते. तिच्यावरच्या मोजमापाने गॉल्टच्या कक्षेची ज्ञात नोंद जवळपास दुपटीने लांबली, आणि एवढ्या काळात धुळीच्या धक्क्याने तो आपल्या वाटेवरून किंचितही सरकल्याचे दिसले नाही. १९५७ च्या प्लेटेचे अंकीकरण तेव्हा झालेले नव्हते. तिच्यावरचा ठिपका मोजायचा राहिला.